राक्षसाचे चित्र, माणसाचे नाव

मगरिबची नमाज आटोपून आम्ही स्वयंपाकघरात शिरत होतो, तेवढ्यात सातवीतला आमचा मुलगा वही घेऊन आला. "अम्मी, पहचानो, कौन?" वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने एक केसाळ, काटकुळे ध्यान काढले होते. दोन्ही हात वर, तोंड उघडे. आम्ही लगेच ओळखले. पंचवीस वर्षांपूर्वी बी.एड. करताना संगणकाच्या क्लासला जात होतो, तिथल्या खेळातला हा हिममानव! फक्त या चित्रात त्याच्या अंगावर वाघाचे पट्टे होते. पुढे एक छोटा माणूस पळत होता आणि त्याच्या डोक्यावर एकच अक्षर लिहिले होते : 'एफ'.

आम्ही हसलो. चित्र खरेच चांगले जमले होते. त्या हसण्याची लाज पुढच्या आठवड्यात वाटली. ती हकीकत सांगण्याआधी या हिममानवाची ओळख करून द्यायला हवी. आजच्या आईवडिलांना तो ठाऊक नसला, तरी त्यांच्या मुलांना तो बहुधा ठाऊक असतो.

बर्फावरचा राक्षस

खेळाचे नाव 'स्की-फ्री'. मायक्रोसॉफ्टमधल्या क्रिस पिरिह नावाच्या प्रोग्रामरने तो घरी, स्वतःच्या सरावासाठी लिहिला. १९९१ मध्ये कंपनीने तो आपल्या खेळांच्या संचात घातला आणि जुन्या विंडोजबरोबर जगभर पोहोचला. आपल्याकडच्या क्लासमध्येही कोणीतरी तो संगणकावर टाकून ठेवलेला असे. पायाला पट्ट्या बांधलेला एक माणूस बर्फाच्या उतारावरून घसरत जातो, झाडे आणि दगड चुकवतो, एवढाच खेळ. पण दोन हजार मीटर ओलांडले की कुठूनतरी तो हिममानव धावत येतो. कितीही वळा, तो गाठतोच. माणसाला उचलून गट्टम करतो. खेळ संपला.

क्लासमध्ये आमचा नंबर आला की तो येणार हे ठाऊक असायचे, तरी दर वेळी पोटात गोळा यायचा. सुटका नाही, असेच सगळे समजत होते. पुढे २००९ साली रँडल मन्रो या अमेरिकन चित्रकाराने आपल्या 'एक्सकेसीडी' या व्यंगचित्रमालिकेत या खेळावर एक चित्र काढले. त्याचा विषय होता कीबोर्डवरचे 'एफ' हे बटण. ते दाबले की घसरणारा माणूस वेग घेतो आणि राक्षसापासून निसटू शकतो. बटण पहिल्यापासून तिथेच होते. लहानपणी त्या राक्षसाच्या तोंडी गेलेली एक पिढी हे वाचून कपाळावर हात मारून हसली.

तेव्हापासून त्याची चित्रे, बाहुल्या, टी-शर्ट, विनोद यांना तोटा नाही. परीक्षा, बॉस, कर्जाचा हप्ता, जे काही पाठीमागे लागते त्याच्या जागी हा हिममानव. मुले अशा चित्रविनोदाला मीम म्हणतात. मूळ खेळ एकदाही न खेळलेली मुले आज तो काढतात.

यात वाईट काही नाही. उलट, शिक्षक म्हणून आम्हाला ते आवडते. १९८० च्या 'पॅकमॅन'मधली भुते घ्या. तोरू इवातानी या जपानी निर्मात्याने ती मुद्दाम रंगीत आणि गोंडस ठेवली होती. आज त्यांना पाहून कोणी घाबरत नाही, लहान मुलांच्या पांघरुणावर ती छापलेली असतात. ज्याची भीती वाटते त्याचे चित्र काढायचे, त्याला मिशा लावायच्या, नाव ठेवायचे. भीती आपल्या मुठीत मावेल एवढी छोटी करण्याची ही रीत जुनी आहे. आमच्या दादी अंधाराला घाबरणाऱ्या नातवंडांना भिंतीवर हाताच्या सावल्या करून दाखवायच्या, तेही हेच.

आमच्या जंगलातला

पण आम्ही राहतो चंद्रपूर जिल्ह्यात. इथे पाठीमागून धावत येणारा खरा आहे.

वाघाबद्दलचे प्रेम आमच्या भागात कमी नाही. ताडोबाचे वाघ तर नट-नट्यांसारखे प्रसिद्ध. वाघडोह, माया, मटकासुर. मटकासुर या नावातच असुर आहे आणि त्याच्या चाहत्यांना त्याचे कौतुकच वाटते. मे २०२२ मध्ये म्हातारा वाघडोह मेला तेव्हा लोकांनी त्याचे फोटो लावून शोक केला. कोणाच्या कपाळावरची खूण कशी, कोण कोणाचा बच्चा, हे मुंबई-पुण्याचे पर्यटक तोंडपाठ सांगतात. त्यांची रंगीत चित्रे भिंतींवर दिसतात, कपांवर छापली जातात.

दुसरी बाजू जंगलाला लागून असलेल्या गावांत आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात, मेमध्ये तेंदूपानांचा हंगाम. वर्षभराच्या रोख पैशातला मोठा भाग या थोड्या आठवड्यांत मिळवायचा असतो. बाया पहाटे अंधारात निघतात, झाडाखाली वाकून फुले वेचतात. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटते, असे जाणकार सांगतात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल भागात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याआधी गडचिरोलीत 'सीटी-१' नाव दिलेला वाघ १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनक्षेत्रात बेशुद्ध करून पकडला गेला. तोवर गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून त्याच्या हल्ल्यांत १३ माणसे मेली होती. वाघाच्या क्रमांकाचे ते अक्षर आणि आकडा सर्वांच्या लक्षात राहिला. तेरा नावे त्यांच्या त्यांच्या घरातच राहिली.

तो व्हिडिओ

नोव्हेंबर २०२५ मध्ये एक व्हिडिओ फिरला. पाहारा-कॅमेऱ्याने टिपल्यासारखा. ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर खुर्चीवर बसलेला माणूस, अचानक आलेला वाघ, आणि माणसाला ओढून नेणे. कोपऱ्यात तारीख आणि वेळसुद्धा होती. आम्हाला तो शिक्षकांच्या ग्रुपवर दुपारच्या सुट्टीत आला. छातीत धस्स झाले. आम्ही तो तसाच वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिले, "सर्वांनी सावध राहावे."

वन विभागाने लवकरच स्पष्ट केले की अशी घटना घडलेलीच नाही. व्हिडिओ कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला होता. बातमी आली की आधी शहानिशा करा, ही सूरह हुजुरातमधली ताकीद आम्ही स्वतः मुलांना शिकवतो. त्या दुपारी ती आम्हालाच आठवली नाही. भीती खरी होती, म्हणून बातमीही खरी वाटली.

तोपर्यंत व्हिडिओ पालकांच्या फोनवरून मुलांच्या हातात गेला होता. मुलांनी जे करायचे तेच केले. वाघाला हिममानवाचे हात लावले, खुर्चीवरच्या माणसाच्या जागी कधी गणिताचे सर, कधी आम्ही. खाली एकामागून एक 'एफ', 'एफ', 'एफ'. आम्हाला वाटले, पळून जाण्याचे बटण. मुलाने समजावले, "नहीं अम्मी, ये दूसरा एफ है." २०१४ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी' मालिकेतल्या एका खेळात शवपेटीपुढे उभे राहून आदर दाखवायला हे बटण दाबावे लागते. ती गोष्ट लोकांना इतकी विचित्र वाटली की आता कोणाची फजिती झाली, काही हरवले, कोणी गेले, की मुले खाली 'एफ' लिहितात. अर्धी श्रद्धांजली, अर्धी थट्टा.

पट्टेवाला हिममानव आमच्या घरी वहीत उतरला तो त्याच संध्याकाळी.

तीन दिवसांची गैरहजेरी

वर्गातली एक मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जंगलाला लागून असलेल्या गावातून ती बसने येते. कधी शाळा न बुडवणारी. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिच्या घरी गेलो.

ओसरीत तिची आजी बसली होती. मुलगी आत होती, बाहेर आली नाही. दोन वर्षांपूर्वी तिची मोठी आई मोह वेचायला गेली होती आणि परत आली नाही, हे आम्हाला त्या ओसरीत कळले. दोन वर्षे ती आमच्या वर्गात बसत होती. हजेरीपटावर तिचे नाव रोज घेत होतो, पण घरात काय झाले ते कधी विचारले नव्हते. व्हिडिओ तिच्या वडिलांच्या फोनवर आला होता, आमच्याच नावाने. मागोमाग कोणीतरी तिला ती हसरी चित्रेही दाखवली होती.

आजी रागावली नाही. पाणी दिले. मग म्हणाली, "मॅडमजी, वाघाचा फोटो तं समद्यायकडं हाये. माह्या सुनेचा फोटो पाहता का?" आतून तिने एक चौकट आणली. लग्नातला फोटो होता, कडेने ओल लागलेला. आम्ही तो बराच वेळ हातात धरून बसलो. आजीने सुनेचे नाव सांगितले. तिला काय आवडायचे, भाजीत तिखट किती घालायची, पोरीला वेणी कशी घालून द्यायची, तेही सांगितले. वाघाबद्दल एक शब्द बोलली नाही.

परतताना बसमध्ये आमच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. खेळातल्या हिममानवाला जगभर चाहते आहेत. त्याच्या तोंडी जाणारा तो घसरणारा माणूस कोण, हे कोणी विचारत नाही. खेळात ते चालते, कारण तो माणूस नाहीच, चार रंगीत ठिपके आहेत. पुन्हा बटण दाबले की तो पुन्हा उभा. पण हीच सवय घेऊन आपण खऱ्या जंगलाकडे पाहू लागलो, की वाघ नायक होतो आणि माणूस ठिपका.

आपल्या भागाची जुनी रीत अशी नव्हती. ताडोबा हे नाव कोणाचे? राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, व्याघ्र प्रकल्प १९९५ चा, पण नाव त्याहून कितीतरी जुने. इथल्या आदिवासींच्या आख्यायिकेत तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचे स्थान आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत आली आहे. तारूचा ताडोबा झाला. त्या गोष्टीतल्या वाघाचे नाव कोणाला ठाऊक नाही. लोकांनी गेलेल्या माणसाचे नाव जंगलाला दिले. ज्यांचे पूर्वज वाघाच्या शेजारी राहिले, त्यांनी लक्षात काय ठेवायचे ते असे ठरवले होते.

घरात आणि वर्गात

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही आधी आपली चूक सांगितली. व्हिडिओ आम्ही न तपासता पाठवला, तो खोटा होता, आणि माफी मागितली. शिक्षकाने माफी मागितलेली पाहून मुले गप्प झाली. कोणालाही शिक्षा केली नाही. पहिला दगड आम्हीच मारला होता.

मुलांशी बोलताना चित्रविनोदावर बंदी घालण्याचे मनात आणले नाही. बंदी घातली की तो फोनच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातो. त्याऐवजी तीन प्रश्न फळ्यावर लिहिले. ते आईवडिलांच्याही उपयोगाचे आहेत, म्हणून इथे देतो.

पहिला : हे खरे घडले आहे का? वाघाची बातमी असेल तर वन विभागाने काही सांगितले आहे का, हे पाहीपर्यंत बोट थांबवायचे. खोट्या व्हिडिओमुळे खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उडतो. ज्या गावाला खऱ्या इशाऱ्याची गरज आहे, त्याचे त्यात सर्वांत मोठे नुकसान.

दुसरा : हसतो आहे तो कोण? ज्याला भीती वाटते तो स्वतःच हसत असेल, तर ते हसणे औषध आहे. दुसऱ्याच्या भीतीवर तिसरा हसत असेल, तर ती खोडी आहे.

तिसरा : या चित्रातला माणूस कोणाच्या घरचा असू शकतो? तो ठिपका असेल, तर खुशाल हसा. त्याला घर असू शकते असे वाटले, तर आधी त्या घरातल्या पोरीसमोर हे चित्र धरता येईल का, ते मनाशी विचारा.

ती मुलगी सोमवारी आली. चित्रांबद्दल काही बोलली नाही आणि आम्हीही तिला बोलायला लावले नाही. काही दिवस ती शेवटच्या बाकावर बसली, मग हळूहळू आपल्या जागेवर परतली. सगळे ठीक झाले असे आम्ही म्हणणार नाही. मोहाचा हंगाम येईल तेव्हा तिच्या घरातल्या बाया पुन्हा पहाटे निघतील. ती भीती आमच्या तीन प्रश्नांनी जाणारी नाही.

घरी आमच्या मुलाला सर्व सांगितले. त्याने वही आणली आणि ते पान फाडायला निघाला. आम्ही म्हटले, "फाडू नकोस, हिममानव चांगला काढला आहेस." मग त्याने खोडरबर घेतले आणि वाघाचे पट्टे पुसले. करडा, केसाळ, जुना हिममानव तेवढा उरला. पळणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा 'एफ' त्याने तसाच ठेवला.

"ये भागने वाला एफ है, अम्मी," तो म्हणाला.