कविता-कथा पाठवायची कुठं? पैसे न भरता छापून येण्याच्या वाटा

तालुका प्रतिनिधी : खेड्यात लिहिणारे कमी नाहीत. कुणाची वही धान्याच्या कोठीवर असते, कुणाची ट्रॅक्टरच्या सीटखाली, आणि आता बऱ्याच जणांचं लिखाण मोबाईलच्या नोट्समध्येच साठलेलं असतं. शाळेतल्या बाई लिहितात, अंगणवाडी सेविका लिहितात, डेअरीवर दूध मोजणारा पोरगाही लिहितो. अडतं ते पुढं. कुणाला पाठवायचं, कसं पाठवायचं, उत्तराची वाट किती दिवस बघायची, हे सांगणारं जवळ कुणी नसतं. अशा वेळी नेमका व्हॉट्सॲपवर मेसेज येऊन धडकतो : ‘अभिनंदन! आपल्या कवितेची राज्यस्तरीय काव्यसंग्रहासाठी निवड झाली आहे. नोंदणी शुल्क भरून आपली जागा निश्चित करा.’

आधी या मेसेजचंच बघू, कारण पैसे इथंच जातात.

निवड कसली, गिऱ्हाईक म्हणा

‘प्रातिनिधिक काव्यसंग्रह’ नावाचा प्रकार सध्या जोरात आहे. प्रत्येक कवीला पुस्तकात दोन पानं, त्याबदल्यात ठरावीक रक्कम, आणि छापून झाल्यावर एक-दोन प्रती घरपोच. समजायला सोपा हिशोब करून बघा. शंभर कवींकडून प्रत्येकी सहाशे रुपये घेतले तर साठ हजार झाले. दोनशे पानांच्या पुस्तकाच्या दोन-अडीचशे प्रती काढायला एवढे पैसे सहसा लागत नाहीत. दुकानात ते पुस्तक जातच नाही, कारण विकायची गरजच उरलेली नसते. ज्यांनी लिहिलं त्यांनीच ते विकत घेतलेलं असतं. बरं, निवड झाली म्हणतात तर नाकारलं कुणाला? हा प्रश्न ग्रुपवर विचारून बघा, उत्तर येत नाही.

पुरस्कारांचंही तसंच. ‘साहित्यरत्न’, ‘काव्यभूषण’ अशी नावं, शाल, ट्रॉफी, फेटा, आणि त्याआधी ‘नोंदणी’, ‘भोजन व सन्मानचिन्ह खर्च’ या नावाखाली पैसे. पुरस्कार देणारा पैसे देतो, मागत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवली तरी निम्मं नुकसान टळतं.

काही जण ‘आयएसबीएन नंबर मिळवून देऊ’ म्हणून वेगळे पैसे लावतात. हा नंबर म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, जनावराच्या कानातल्या बिल्ल्यासारखा. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो आणि अर्ज ऑनलाईन करता येतो. नंबर आहे म्हणून पुस्तक चांगलं, असंही काही नसतं.

शुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा खोटीच असते असं मात्र नाही. एखादं जुनं वाचनालय किंवा महाविद्यालय टपाल-छपाईपुरती थोडी रक्कम घेतं. पैसे भरण्याआधी मागच्या वर्षीचा निकाल मागा. परीक्षक कोण होते ते विचारा. पहिलं बक्षीस कुणाला मिळालं, कोणत्या रचनेला मिळालं, ती रचना वाचायला मिळेल का, हे विचारा. खरी स्पर्धा असेल तर हे सगळं दोन मिनिटांत दाखवतात. ज्या ग्रुपवर रोज एक विषय आणि रोज वीस जणांना ‘सर्वोत्कृष्ट’ची रंगीत प्रमाणपत्रं मिळतात, तो सराव म्हणून ठीक आहे. ते प्रमाणपत्र बघून कुणी संपादक कविता छापत नाही.

स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणं हाही गुन्हा नाही. फक्त ते ‘निवड’ या नावाखाली होऊ नये, आणि कांद्याची पट्टी आली त्याच आठवड्यात घाईनं ठरवू नये.

दिवाळी अंक : अर्धा महाराष्ट्र इथूनच लिहिता झाला

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. आज मोठ्या शहरांतूनच नव्हे, तर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणाहूनही अंक निघतात. नवीन माणसाला शिरायला ही सर्वांत रुंद वाट आहे, पण वेळ चुकली तर वर्ष गेलं.

बहुतेक जण नवरात्रात कविता पाठवतात. तोवर अंक छपाईला गेलेला असतो. साहित्य मागवण्याचं काम उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होतं आणि पावसाळ्यात बहुतेक निवड उरकते. म्हणजे खरिपाची पेरणी आटोपली की लिखाण पाठवायला घ्यावं. कथा असेल तर त्याही आधी, कारण कथेला पानं जास्त लागतात आणि ती भरतातही लवकर.

पत्ता कुठं मिळणार? त्यासाठी गावातल्या किंवा तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जायचं. मागच्या दिवाळीचे अंक तिथं असतात. अंक उघडला की सुरुवातीच्या पानावर संपादकाचं नाव, पत्ता, फोन आणि बहुतेकदा ई-मेल असतो. मुद्रक-प्रकाशकाची माहिती छापणं कायद्यानं बंधनकारकच आहे. दहा अंकांच्या त्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून आणले की वर्षभराची यादी तयार. नेटवर फिरणाऱ्या ‘दिवाळी अंकांचे पत्ते’ या याद्यांपेक्षा ही यादी खात्रीची, कारण अंक हातात घेऊन बघितलेला असतो. आणि बघताना आतलं चार पानं वाचूनही घ्यावं. विनोदी अंकाला दुष्काळावरची दीर्घ कविता पाठवून उपयोग नाही.

दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांतही हीच युक्ती चालते. वाचकांचं लिखाण घेणाऱ्या सदराखाली शब्दमर्यादा आणि ई-मेल दिलेला असतो. तीनशे शब्द म्हटलं असेल तर तीनशेच. सातशे शब्द पाठवून ‘तुम्हीच कमी करा’ म्हटलं की काम तिथंच संपतं.

पुण्या-मुंबईपलीकडची मासिकं

कवितेला वाहिलेलं ‘कवितारती’ हे नियतकालिक पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली धुळ्यातून सुरू केलं. विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ नागपूरचं, मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ छत्रपती संभाजीनगरचं. पुण्याच्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची ‘महाराष्ट्र साहित्य पत्रिका’ आहे आणि साने गुरुजींनी १९४८ साली सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक आजही निघतं. यातल्या काहींत निवड कडक असते, पहिल्या झटक्यात छापून येईल असं धरून चालू नये. या परिषदांच्या आणि संघांच्या बऱ्याच ठिकाणी जिल्हा-तालुका शाखा आहेत. शाखेच्या कार्यक्रमाला दोनदा गेलं तरी कोण काय मागवतंय ते कानावर पडतं.

मुलांसाठी लिहिणाऱ्यांना ‘किशोर’ माहीत असतंच. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं नेटवर मोफत वाचायला ठेवलेत. पाठवण्याआधी पाच-सहा अंक चाळले तर मुलांची भाषा म्हणजे ‘बाळांनो, ऐका’ नव्हे, हे लगेच कळतं.

आकाशवाणीला लोक विसरलेत. जळगाव, परभणी, नांदेड, सातारा, सांगली, सोलापूर, अकोला, यवतमाळ, चंद्रपूर अशी केंद्रं जवळपास आहेत. कवितावाचन, कथावाचन, युवकांचे कार्यक्रम यासाठी केंद्राच्या कार्यक्रम विभागाकडे लेखी पत्र आणि सोबत लिखाण द्यायचं. निवड झाली तर तसं पत्र येतं आणि मानधनही मिळतं.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनात आता ‘कविकट्टा’ असतो. तिथं नवोदितांच्या कविता आधी मागवतात. संमेलनाचं गाव जाहीर झालं की स्वागत समितीच्या आवाहनावर लक्ष ठेवायचं. जायचा-यायचा खर्च बहुतेक वेळा आपलाच, तेवढं धरून चाला.

सरकारी योजना, ज्या कुणी सांगत नाही

ज्याचं एकही पुस्तक निघालेलं नाही, अशा लेखकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक योजना आहे. कविता, कथा, कादंबरी, नाटक, बालसाहित्य, ललित असं हस्तलिखित मंडळाकडे द्यायचं. तज्ज्ञांनी पसंत केलं तर पहिल्या पुस्तकाच्या छपाईला अनुदान मिळतं. जाहिरात बहुतेकदा जानेवारीच्या सुमारास वर्तमानपत्रात आणि मंडळाच्या संकेतस्थळावर येते. काव्यसंग्रहवाल्यांना हजारो रुपये देण्याआधी निदान एकदा इथं अर्ज करून बघायला हरकत नाही.

वय तिशीच्या आत असेल तर पंतप्रधान युवा लेखक योजना बघा. राष्ट्रीय पुस्तक न्यास ती राबवतो. २०२१ ला ती सुरू झाली, त्यानंतरही तिचे टप्पे निघाले. मराठीतूनही प्रस्ताव पाठवता येतो आणि निवड झालेल्याला सहा महिने दरमहा ५० हजार रुपये शिष्यवृत्ती मिळते. स्पर्धा देशभरची असल्यानं अवघड आहे, पण अर्जाला पैसे लागत नाहीत.

पुस्तक निघालंच असेल तर पुढचे दरवाजे आहेत. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकाचा वेगळा विभाग असतो आणि त्यातला कवितेचा पुरस्कार बहिणाबाई चौधरींच्या नावानं आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा ‘विशाखा’ पुरस्कार पहिल्या काव्यसंग्रहासाठी दिला जातो. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला वयाची अट ३५ ची आहे.

बहिणाबाईंचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. आजीच्या किंवा सासूबाईंच्या ओव्या तुमच्या घरात असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, लिहून काढा आणि पाठवताना नाव त्यांचंच घाला.

मोबाईलवरून पाठवताना

वहीच्या पानाचा फोटो पाठवू नका. संपादकाकडे तो टाईप करायला माणूस नसतो. मोबाईलचा मराठी कीबोर्ड युनिकोडमध्येच लिहितो आणि बहुतेक ठिकाणी तेच चालतं. टायपिंगचा कंटाळा असेल तर बोलून लिहा, पण नंतर डोळ्यांखालून घालाच, कारण ‘पाभर’ म्हटलं की फोन ‘पापड’ लिहून मोकळा होतो. बोलीतले शब्द फोन स्वतःच ‘शुद्ध’ करतो, ते परत आपले करून घ्यावे लागतात.

लिखाण ई-मेलच्या मजकुरातही चिकटवा आणि वर्ड फाईलही जोडा. सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे : ‘माननीय संपादक, सोबत एक कविता पाठवत आहे. ती स्वतःची असून कुठेही प्रसिद्ध झालेली नाही. अन्यत्र पाठवलेली नाही. आपला निर्णय कळवावा.’ खाली पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल. फेटा बांधलेला फोटो आणि पन्नास प्रमाणपत्रांची यादी मागितल्याशिवाय नको.

‘अप्रकाशित’ या शब्दाला जपा. फेसबुकवर किंवा मोठ्या ग्रुपवर टाकलेली कविता अनेक संपादक प्रसिद्ध झालेली धरतात. वर स्टेटसवरून उचलून कुणीतरी खालचं नाव काढून पुढं ढकलतं ते वेगळंच. जी पाठवायची आहे ती आधी मिरवू नये. पाठवलेल्या ई-मेलवर तारीख-वेळ पडते, पुढं वाद झाला तर तोच पुरावा. टपालानं पाठवत असाल तर स्पीड पोस्ट करून पावती ठेवा, रजिस्टर्ड पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्येच विलीन झालं आहे. मूळ वही कधीच पाठवू नका, झेरॉक्सच पाठवा.

हक्काचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यानुसार लिहिल्याबरोबर हक्क लेखकाचा होतो, नोंदणीची सक्ती नाही. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. त्यामुळं स्पर्धेच्या फॉर्मवर ‘सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ अशी ओळ असेल तर सही करण्याआधी थांबा. एकदा छापायची परवानगी देणं वेगळं आणि गाणं, यूट्यूब, पुस्तक सगळंच देऊन टाकणं वेगळं.

मानधनाचंही आधीच विचारलेलं बरं. लहान नियतकालिकं बहुधा अंकाची प्रतच देतात, काही मोठे अंक पैसे देतात. विचारण्यात लाज कसली, बाजार समितीत भाव विचारल्याशिवाय आपण माल सोडत नाही.

पाठवल्यावर दोन-तीन महिने थांबायचं. रोज फोन करू नये, महिन्याभरानं एक साधी ई-मेल चालते. उत्तरच आलं नाही तर ‘ही कविता आता दुसरीकडे पाठवत आहे’ असं एका ओळीत कळवून ती यादीतल्या पुढच्या पत्त्यावर धाडायची. कोणती रचना, कुठं, कोणत्या तारखेला पाठवली याची नोंद वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा, नाहीतर तीच कविता दोन अंकांत येते आणि दोन्ही संपादक पुन्हा आपलं पाकीट उघडत नाहीत.