सांधा पक्का तर पाठ पक्का

पाठ केलेले भाषण बहुतेक वेळा सांध्यावर अडते. सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याचा मुद्दा नीट बोलून होतो आणि पुढे लिफ्ट होती की पार्किंग, तेच सुचत नाही. शेजारचा नुसता ‘लिफ्ट’ असे पुटपुटला की पुढचे सगळे घडाघडा येते. मजकूर डोक्यात असतो, जोड तेवढा निसटलेला असतो.

वेदपाठकांनी या जोडाचाच बंदोबस्त केला. ऋग्वेदाची १० मंडले आणि १०२८ सूक्ते पिढ्यान्‌पिढ्या तोंडी टिकली, ती या बंदोबस्तामुळे. पाठशाळेत पोथीआधी संथा येते. गुरुजी एकदा म्हणतात, विद्यार्थी दोनदा. उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वर डोके किंवा हात हलवून बसवतात, म्हणजे कानाबरोबर अंगालाही पाठ होते. संहिता, म्हणजे सलग मूळ मजकूर, अशी तोंडात बसली की पुढचे पाठ सुरू होतात.

ते पाठ आपण सभेच्या पाच मुद्द्यांवर चालवून पाहू: हिशेब, पाणी, लिफ्ट, पार्किंग, निवडणूक.

पदपाठात प्रत्येक शब्द सुटा म्हणायचा. क्रमपाठात जोड्या येतात: हिशेब-पाणी, पाणी-लिफ्ट, लिफ्ट-पार्किंग, पार्किंग-निवडणूक. मधला प्रत्येक शब्द एकदा मागच्याला आणि एकदा पुढच्याला बांधला जातो. जटापाठात वेणी घालतात तशी तीच जोडी पुढे, मागे आणि पुन्हा पुढे: हिशेब-पाणी, पाणी-हिशेब, हिशेब-पाणी. घनपाठात तिसरा शब्दही येतो: हिशेब-पाणी, पाणी-हिशेब, हिशेब-पाणी-लिफ्ट, लिफ्ट-पाणी-हिशेब, हिशेब-पाणी-लिफ्ट. मग एक शब्द पुढे सरकून पाण्यापासून तेच पुन्हा.

मोजून पाहिले तर लांब ओळीतला मधला शब्द क्रमात दोनदा, जटेत सहा वेळा आणि घनात तेरा वेळा येतो. एखादा शब्द गळायचा तर तो तेराही ठिकाणी गळावा लागेल. एका ठिकाणी चुकला की बाकीची ठिकाणे चुगली करतात.

उलट म्हणताना आणखी एक गोष्ट घडते. संस्कृतात शब्दांची जागा बदलली की संधी बदलतो. ‘इति’पुढे ‘अपि’ आले तर ‘इत्यपि’ होते, उलटे केले तर ‘अपीति’. त्यामुळे जीभ सवयीने पुढे धावू शकत नाही, प्रत्येक जोडावर लक्ष द्यावेच लागते. मराठीत संधीची अडचण नाही, पण उलटा क्रम सवयीची लय मोडतो, एवढा फायदा आपल्यालाही मिळतो.

घरी करायचे ते असे. मुद्दे चिठ्ठीवर एकेका शब्दात लिहा; पाच-सात पुरेत. पहिल्या दिवशी क्रम, दुसऱ्या दिवशी जटा, तिसऱ्या दिवशी घन, आणि सगळे मोठ्याने. मनातल्या मनात म्हटले की अडखळलेली जागा आपण नकळत झाकून टाकतो. रोज सकाळी चिठ्ठी उघडण्याआधी एकदा म्हणून पाहा. शेवटी घरातल्या कोणालाही मधलाच एक शब्द विचारायला सांगा. ‘लिफ्ट’ म्हटल्यावर मागचे ‘पाणी’ आणि पुढचे ‘पार्किंग’ लगेच आले की काम झाले. जी जोडी अडली, तिचीच पुन्हा जटा करा. सगळी यादी पहिल्यापासून घोकू नका.

हे साधन क्रमासाठी आहे, समजण्यासाठी नाही. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला, वैदिक शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या यास्काच्या निरुक्तातच भार वाहणारा खांब म्हटले आहे. हिशेबाचे आकडे कुठून आले, हे आधी समजून घ्यायलाच हवे. शिवाय वेदांची ही संथा शतकानुशतके स्त्रियांना आणि बहुसंख्य जातींना बंद होती. पद्धतीला मात्र कोणाचीच अडकाठी नाही; शाळकरी मुलीला प्रयोगाच्या पायऱ्या आणि नटाला संवादांचा क्रम या पद्धतीने बसवता येतो.

आणि सभेत पाण्याचा विषय चालू असताना कोणीतरी उठून पार्किंगचे भांडण काढतेच. त्याला उत्तर द्या, मग पार्किंगवरून उलटे या: पार्किंग-लिफ्ट, लिफ्ट-पाणी. खिशातली चिठ्ठी काढावी लागत नाही.