डिसेंबरच्या आकाशातला मृग

मृग आणि पाऊस यांची जोडी आपल्या मनात इतकी पक्की आहे, की मृग नक्षत्र कधी दिसते असे वर्गात विचारले तर बहुधा 'जूनमध्ये' हेच उत्तर येईल. प्रत्यक्षात जूनमध्ये मृग दिसत नाही, आणि दोष ढगांचा नसतो. मृग पाहण्याचा महिना डिसेंबर.

महिन्याच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास (नागपूरकडे वीसेक मिनिटे आधी) बरोबर पूर्वेला तीन तारे जवळजवळ उभ्या ओळीत, एकामागून एक उगवतात. हा मृगाच्या पोटात रुतलेला बाण. तासाभराने त्याच्याभोवतीचा चार ताऱ्यांचा चौकोन स्पष्ट होतो. त्यातला डावीकडचा तांबूस तारा काक्षी, उजवीकडचा निळसर पांढरा राजन्य. नऊ वाजून गेल्यावर बाणाची रेषा खाली क्षितिजाकडे वाढवली, की आपण व्याधापाशी पोचतो. शहरातल्या झगमगाटातही बाण आणि व्याध हमखास सापडतात.

आता एक सोपे निरीक्षण. पूर्वेकडच्या एखाद्या इमारतीची कड निवडावी. रोज एकाच जागी उभे राहून बाणाचा मधला तारा त्या कडेवर केव्हा येतो, ती वेळ लिहून ठेवावी. आठवड्याने तीच घटना सुमारे २८ मिनिटे आधी घडलेली आढळेल. रोज चार मिनिटे, म्हणजे महिन्याला दोन तास, सहा महिन्यांत बारा तास! एक जूनला मृग सकाळी साडेसातला, चांगल्या उन्हात उगवतो.

हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा प्रयोगाने लवकर पटते, असे आम्हाला वाटते. अंधाऱ्या खोलीत मध्यभागी दिवा ठेवावा, एका भिंतीवर मृगाचे चित्र लावावे. दिव्याकडे पाठ करून चित्राकडे तोंड केलेला विद्यार्थी म्हणजे डिसेंबरची मध्यरात्र. तोच दिव्याच्या पलीकडे गेला, की मृग दिव्यामागे जातो. हा जून. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे २७ समान भाग म्हणजे नक्षत्रे. सूर्य ७-८ जूनला मृगाच्या भागात शिरतो, तेव्हा शेतकरी 'मृग लागला' म्हणतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. म्हणून ज्या महिन्यात तो मृगाजवळ येतो तो मार्गशीर्ष. दत्तजयंतीच्या रात्री हे अवश्य पाहावे, मात्र चांदण्यात फिके तारे हरवतात.

मृगामुळे पाऊस पडतो का? नाही. ऋतू पृथ्वीच्या आसाच्या कलण्याने ठरतात. नक्षत्र हा फक्त घड्याळाचा काटा, आणि तोही किंचित मागे पडणारा. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असते. परिणामी मृग लागण्याचा दिवस ऋतूंच्या मानाने सुमारे ७१ वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. ज्ञानेश्वरीच्या काळी, १२९० साली, तो आजच्यापेक्षा दहाएक दिवस आधी लागत असे. पेरणीचे आडाखे नक्षत्रांवर बांधताना ही सरक मोजावीच लागते. आणखी हजार वर्षांनी मृग कोणत्या तारखेला लागेल, हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना काढू द्यावे.