फौज कुणाची, पगार कुणाचा?

मित्रराष्ट्राला दहशतवादाशी लढण्याचं बळ द्यायचं म्हणजे त्याच्या पोलिसांना प्रशिक्षण, सैन्याला शस्त्रं आणि या सगळ्यासाठी पैसा पुरवायचा. भारत या व्यवहारात दोन्ही बाजूंना उभा आहे. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर जुलै २०१० मध्ये आपण अमेरिकेशी दहशतवादविरोधी सहकार्याचा करार केला, आणि अफगाण अधिकाऱ्यांना आपल्याकडे लष्करी शिक्षणही दिलं. अशा मदतीचं यश किती बंदुका गेल्या, किती जवान तयार झाले यावर मोजलं जातं. मला आधी दुसरंच विचारावंसं वाटतं: ही फौज कुणाच्या हुकमात चालते, तिचा पगार कुठून येतो आणि ती कुणाचं रक्षण करते? धाराशिव जिल्हा तर एकदा अशाच एका फौजेच्या खर्चापोटी हैदराबादच्या निजामाच्या हातचा गेला होता.

निजामाने इंग्रजांची तैनाती फौज आधीच पत्करली होती. तरीही १८१३च्या सुमारास हैदराबादमधला इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या सैन्यातून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कवायती दल उभं केलं. पुढे हेच दल कंटिन्जंट म्हणून वाढलं. बंडखोर जमीनदार, रोहिले, अरब यांचा बंदोबस्त हे त्याचं काम. आजच्या दहशतवादाशी याची तुलना पूर्ण जुळत नाही, पण व्यवस्था ओळखीची वाटेल: अधिकारी इंग्रज, लगाम रेसिडेंटच्या हाती आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. दिवाण चंदूलालने पामर आणि कंपनी या सावकारी पेढीकडून जबर व्याजाने कर्ज काढलं आणि राज्य देण्यात बुडत गेलं. इंग्रजांशी झालेल्या १८०० च्या तहात फौज पुरवण्याची अट युद्धकाळापुरती होती. शांततेत कंटिन्जंट पोसण्याचं बंधन त्यात नाही, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीने मान्य केलं होतं. तरी थकबाकीचा तगादा सुटला नाही. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख फौजेच्या खर्चासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला.

यावर कुणी म्हणेल, फौजेने काम तर केलं ना? केलं. बंडं मोडली, वाटा सुरक्षित केल्या. नळदुर्गच्या कारभारावर आलेला मेडोज टेलर तर १८२४ मध्ये निजामाच्या याच सैन्यात दाखल झालेला माणूस. त्याने जमिनीची मोजणी करवली, रस्ते बांधले, आणि तो कारभार लोकांच्या उपयोगाचा होता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण यातलं निजामाच्या राज्याच्या अंगी काय मुरलं? १८५८ मध्ये कंटिन्जंट मध्य भारतात इंग्रज सेनापती ह्यू रोजबरोबर झाशीच्या राणीविरुद्ध लढत होती. ते निजामाच्या मुलखाचं रक्षण नव्हतं. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, तेही १८५७ मधल्या निष्ठेचं बक्षीस म्हणून. वऱ्हाड मात्र १९०२ मध्ये वर्षाला २५ लाखांवर कायमचं भाडेपट्ट्याने गेलं, आणि पुढच्याच वर्षी फौज ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. नव्वद वर्षं ज्याने पैसा भरला, त्याच्या हाती ती राहिली नाही.

मग बाहेरची मदत घ्यायचीच नाही का? असं मी म्हणत नाही. दहशतवादी सीमा ओलांडतात, पैसा आणि माहितीही ओलांडते. एकट्या देशाला ते झेपत नाही. अफगाणिस्तानच्या सुरक्षा दलांवर अमेरिकेने ऐंशी अब्ज डॉलरहून अधिक खर्च केला. पण पगार अमेरिकेच्या पैशावर आणि विमानांची दुरुस्ती परदेशी कंत्राटदारांवर अवलंबून राहिली. ते निघाले आणि १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं. याउलट कोलंबियाला २००० पासून अमेरिकेची मोठी मदत मिळाली, पण तिथल्या सरकारने २००२ मध्ये श्रीमंतांवर संपत्ती कर बसवून सुरक्षेचा खर्च स्वतः उचलला. मानवी हक्कांची गंभीर उल्लंघनं तिथेही झाली, पण मदत थांबली की कोसळेल अशी ती व्यवस्था नव्हती.

खर्च स्वतःचा असला, हुकूम स्वतःचा असला, तरी फौज कुणाचं रक्षण करते हा तिसरा प्रश्न उरतोच, आणि तोही याच जिल्ह्याने भोगला आहे. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होतं. १९४८ मध्ये सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने निजामाला शस्त्रं पोचवत होता. एका राज्याची ताकद बाहेरून वाढवली जात होती, आणि त्याच राज्याच्या आश्रयाने रझाकार गावं लुटत, जाळत होते. त्या गावकऱ्यांना निजामाच्या पोलिसांकडे दाद मागायची सोय नव्हती. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय सैन्य नळदुर्गात शिरलं, आणि चार दिवसांत हैदराबादने युद्धबंदी जाहीर केली.