खुर्चीपलीकडचा आनंद

निरोप समारंभातली शाल कपाटात जाते, पुष्पगुच्छ दोन दिवसांत सुकतो आणि पुढच्या सोमवारी सकाळी साडेआठ वाजता मनुष्य घड्याळाकडे पाहून क्षणभर गोंधळतो. त्याला जायचे कोठेच नसते. तीस-पस्तीस वर्षे सतत खणखणणारा फोन मुका झालेला असतो. घरची मंडळी म्हणतात, "आता आराम करा." परंतु नेमका तोच जमत नाही. झोप मोडते, चिडचिड वाढते, आमटीतल्या मिठावरून वाद होऊ लागतात. हे दुखणे केवळ शरीराचे नसते. 'मी कोण?' या प्रश्नाला आजवर हुद्द्याने दिलेले उत्तर नाहीसे झालेले असते.

व्यावसायिक यशात वाईट काही नाही. त्यातून घर उभे राहते, मुले शिकतात, चारचौघांत मान मिळतो. मात्र आयुष्याचा सारा भार त्या एकाच खांबावर टाकला, की तो खांब काढून घेतल्यावर छप्पर खचते.

या संदर्भात डॉ. अनिल अवचट यांचे आयुष्य आठवते. 1944 साली ओतूरला जन्मलेल्या अवचटांनी पुण्यात वैद्यकीय पदवी घेतली. पण दवाखान्याच्या वाढत्या उत्पन्नात त्यांनी यश मोजले नाही. कष्टकरी आणि उपेक्षित माणसांमध्ये मिसळून त्यांनी त्यांचे जगणे शब्दांत मांडले. पत्नी डॉ. सुनंदा यांच्यासह 1986 मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले. या कामाइतकेच मोलाचे होते त्यांचे रिकाम्या वेळेतले विश्व. कागदाच्या चौकोनातून उमलणारी ओरिगामी, लाकडातील शिल्पे, बासरी, चित्रे आणि स्वयंपाकसुद्धा! या साऱ्यांवर त्यांनी 'छंदांविषयी' हे पुस्तकही लिहिले. लाकडाला हात लावताना 'यातून मिळणार काय?' हा प्रश्न मनात नसेल, तरच छंदाला छंद म्हणता येते. अन्यथा तीही नवी नोकरीच ठरते.

छंदाचा आरोग्याशी असलेला संबंध अभ्यासकांनीही तपासला आहे. 16 देशांतील 65 वर्षांवरील सुमारे 93 हजार व्यक्तींच्या माहितीवर आधारित एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. छंद जोपासणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि जीवनाविषयीचे समाधान अधिक आढळले. छंद म्हणजे औषध, असा याचा अर्थ नव्हे. प्रकृती बरी असलेल्यांना छंद जोपासणे सोपे जाते, हेही खरे. तरीही हा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने 1938 पासून चालविलेल्या दीर्घ अभ्यासाचा निष्कर्षही असाच बोलका आहे. पन्नाशीत ज्यांचे नातेसंबंध समाधानाचे होते, ते ऐंशीव्या वर्षी अधिक निरोगी आढळले.

म्हणूनच तयारी निवृत्तीच्या दिवशी नव्हे, चाळिशीतच सुरू व्हावी. आठवड्यातले दोन तास फायद्या-तोट्याचा हिशेब नसलेल्या एखाद्या गोष्टीसाठी राखून ठेवावेत. शाळेत सुटलेली पेटी, परसातली चार रोपे, भजनी मंडळ, शेजारच्या मुलांचा अभ्यास, यांपैकी काहीही चालेल. जुन्या मित्राला कामाशिवाय फोन करावा. एखाद्या संस्थेत सेवा द्यायची असेल, तर पूर्वीचा हुद्दा दाराबाहेर ठेवूनच आत जावे.

घरातही हाच नियम लागू आहे. गृहिणीच्या कामाला निवृत्ती नसते, निरोप समारंभही नसतो. रिकामा झालेला वेळ स्वयंपाकघरात द्यायचा असेल, तर साहेब म्हणून नव्हे, शिकाऊ उमेदवार म्हणून द्यावा. त्यामुळे तिलाही स्वतःच्या आवडीसाठी दुपारचा एखादा तास मिळेल, आणि मिठाचे वादही थांबतील.

मात्र उदासी, निद्रानाश, भूक मंदावणे किंवा जगण्यात अर्थ न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाने एकमेकांना एक प्रश्न विचारून पाहावा : पैसा आणि पद यांचा विचार न करता, आपल्याला काय करायला आवडेल? उत्तर चटकन सुचले नाही, तर त्याचा शोध उद्यापासूनच सुरू करायला हवा.