उंच बॉनेटची जीप

पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात मामांचं गाव. पावसाळ्यात गावाअलीकडचा ओढा चढला की एसटी तिथेच थांबायची आणि पलीकडे न्यायला मामांची जीप यायची. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. पाण्यात शिरण्याआधी मामा खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि फॅनचा पट्टा काढून ठेवायचे. पंखा फिरत राहिला तर तो पाणी उडवून डिस्ट्रिब्युटर भिजवतो आणि पेट्रोल इंजिन भर ओढ्यात बंद पडतं, हे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा माझं सगळं लक्ष गेअरच्या लांब दांड्याशेजारच्या दोन आखूड दांड्यांकडे असायचं. मामा आधी एक ओढायचे, मग दुसरा. इंजिनाचा आवाज चढायचा आणि गाडीचा वेग मात्र उतरायचा. गढूळ पाणी पायाखालच्या पत्र्यावर आपटत असताना ती जीप बैलाच्या चालीने ओढा पार करायची.

ती होती महिंद्राची सीजे-थ्री-बी. गॅरेजच्या बोलीत 'हाय बॉनेट'. त्यानंतर कुठेही जुनी जीप उभी दिसली की माझे पाय थांबतात. पुण्याचा जुना बाजार, कुर्ल्याची स्पेअर पार्टची दुकानं, सातारा-कोल्हापूरकडच्या मिस्त्रींची गॅरेजं, सगळीकडे याच नादापायी हिंडलो आहे.

जीपचा जन्म बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो भराभर सांगतो. १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्टने आराखडा केला आणि सप्टेंबरात पहिला नमुना सैन्यापुढे उभा राहिला. पण मोठी कंत्राटं गेली विलीस आणि फोर्डकडे. त्या दोघांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. चाळीसच्या दशकाअखेर मुंबईत माझगावला विलीसचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. जोडणाऱ्या कंपनीचं १९४५ मधलं मूळ नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरल. माझगावच्या त्या जोडणीबद्दल बोलताना दर वेळी मला ही गोष्ट आठवते.

आता बॉनेट. युद्धातल्या जीपचं बॉनेट बुटकं होतं, कारण आतलं इंजिन बुटकं होतं. त्याच्या दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेल्या असत. त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळजवळ नुसतं झाकण. ताकद ६० अश्वशक्ती. ती वाढवायची तर इंजिनाला श्वास मोकळा हवा. म्हणून विलीसने हवा आत घेणारी व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेली आणि धूर बाहेर टाकणारी ब्लॉकमध्येच ठेवली. हेच 'हरिकेन' इंजिन. ताकद सत्तरीच्या पुढे गेली, पण इंजिनाची उंचीही वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. नव्याने गाडी आखण्याऐवजी कारखान्याने सरळ बॉनेट आणि पुढची जाळी उंच केली. १९५३ ची सीजे-थ्री-बी ती ही. बाकी अंग तेच, फक्त कपाळ उंच.

पुष्कळ शौकिनांना हा चेहरा बेढब वाटतो. मला तो अतिशय प्रामाणिक वाटतो. आत जे आहे तेच बाहेर दिसतं. अमेरिकेत ही गाडी १९६८ ला थांबली, जपानात मित्सुबिशीने तिचं भावंड पार १९९८ पर्यंत बांधलं, आणि आपल्याकडे तर तीच 'जीप' झाली. तहसीलदार आला तो या जीपमधून, निवडणुकीचा कर्णा फिरला तो हिच्या टपावरून, साथीच्या दिवसांत लस घेऊन डॉक्टर वाडीवर पोचले तेही हिच्यातूनच. आपल्या दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांसमोर जीप म्हटल्यावर उभं राहतं ते हेच उंच बॉनेट.

त्या दोन आखूड दांड्यांवर मी तासभर बोलू शकतो. एक दांडा पुढच्या अॅक्सलला जोर देतो, दुसरा 'लो' टाकतो. पुढचा अॅक्सल जोडल्याशिवाय लो पडतच नाही, अशी आत अडसराची सोय आहे, कारण लोमधला सगळा भार एकट्या मागच्या अॅक्सलवर येऊ द्यायचा नसतो. विलीसच्या मूळ रचनेतले आकडे पाहा. पहिला गेअर २.८०, लो २.४६, अॅक्सलमधल्या दात्यांचं प्रमाण ५.३८. गुणाकार ३७. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाने ३७ वेळा फिरायचं. अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर चाक घेतं सोळा. गाडी ताशी दोन-सव्वादोन किलोमीटरने सरकते; चालणारा माणूस सहज पुढे जाईल. आणि घर्षणातली तूट सोडली तर इंजिनाचा पीळ ३७ पट होऊन चाकाशी पोचतो. उतारावर हेच उलटं कामी येतं. ओढ्यातून भिजलेले ड्रम ब्रेक धरत नाहीत, तेव्हा लोमधलं इंजिनच गाडी रोखून धरतं. मामा उताराला ब्रेकवरून पाय काढून बसायचे.

डांबरी रस्त्यावर मात्र हे दांडे ओढायचे नाहीत. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये तो फरक जिरवणारं काही नाही. मातीत चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर तो गेअरच्या दात्यांत साठत जातो. अलीकडे नवी फोर बाय फोर घेतलेले तरुण कोरड्या रस्त्यावर हौसेने दांडा ओढतात, तेव्हा माझा जीव खालीवर होतो.

आणखी एक बारकावा. जीपखाली वाकून पाहिलं तर डिफरन्शियलचे दोन्ही गोळे मधोमध नाहीत, एकाच बाजूला आहेत. त्यामुळे पुढचा गोळा ज्या दगडाला चुकवून गेला त्याला मागचाही चुकवतो. मढे घाटाकडच्या एका जुन्या ड्रायव्हरने मला हे काठीने मातीत रेघा ओढून समजावलं होतं.

पुढे डिझेल आलं. इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या जातीचं इंजिन घातलेली सीजे-५००-डी आली, मग प्यूजोच्या २,११२ सीसी डिझेलवर चालणारी एमएम-५४० आली. जबलपूरची जोंगा निस्सान पॅट्रोलवरून उतरलेली, सहा सिलिंडरांची, जवळपास चार लिटरची, आणि १९८५ ची मारुती जिप्सी हलकी नि चपळ. दोघींवर स्वतंत्र लेख व्हायला हवेत. आमच्याकडे वडाप करणाऱ्या कमांडर आणि ट्रॅक्स दिसायला याच गोतावळ्यातल्या, पण त्यातल्या बहुतेकांना पुढच्या चाकांचा जोर नव्हता.

आता माझ्या मनातली सल. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या गावांत जुन्या जीप नव्याने बांधण्याचा मोठा धंदा उभा राहिला. तिथल्या कारागिरांचा हात विलक्षण आहे. सपाट पत्र्यातून अख्खी बॉडी ते ठोकून काढतात. पण गिऱ्हाइकाला हवी असते युद्धपटातली जीप. मग हाय बॉनेट उतरवून 'लो बॉनेट' चढवतात, हरिकेन इंजिन त्याखाली सहजी मावत नाही म्हणून तेही काढतात, आणि अस्सल थ्री-बीचं नकली विलीस होतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली स्पष्ट केलं, की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत. कायद्याचं कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते योग्यच आहे. माझं दुःख निराळं. ज्या गाडीने आपल्या वाड्यावस्त्या खरोखर जोडल्या, तिचा चेहरा पुसून युद्धपटातल्या गाडीचा मुखवटा आपण का चढवावा? मला आवडणारी बांधणी वेगळी आहे. मूळ बॉडी, मूळ बॉनेट, सुस्थितीतले पाटे, अरुंद खाचेदार टायर, आणि गळती थांबवलेला गेअरबॉक्स. अशा चार-पाच गाड्या महाराष्ट्रात मी पाहिल्या आहेत. त्यांचे मालक दर रविवारी ग्रीसची पिचकारी घेऊन गाडीखाली असतात.

गेल्या मार्गशीर्षात सांगलीजवळच्या एका गॅरेजमागे भिंतीला टेकवलेलं हाय बॉनेट दिसलं. गाडी लो बॉनेट होऊन केव्हाच गेली होती. मिस्त्रींनी भंगाराच्या भावाने ते मला दिलं. घरी आणून एका कोपऱ्यावर पॉलिश पेपर मारला. वरच्या पांढऱ्या रंगाखाली निळा निघाला, निळ्याखाली काळसर लाल प्रायमर, आणि त्याही खाली, नखाएवढ्या जागेत, लष्करी हिरवा. पुढचं खरवडणं मी थांबवलं आहे. आतल्या बाजूला, बिजागरीजवळ, कुणीतरी खिळ्याने ऑइल बदलल्याच्या तारखा कोरल्या आहेत. एकाखाली एक, अकरा.