लघुपट आणि प्रेक्षकाची साक्ष

नागपुराहून वर्ध्याच्या वाटेनें दक्षिणेस निघालें, म्हणजे सुमारें तीस किलोमीटरांवर बुटीबोरी लागतें. एके काळीं शेतीवर जगणारें हें गांव आज औद्योगिक वसाहतीमुळें ओळखलें जातें. गांवचे आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कामगार येथें पाळीपाळीनें कामावर जातात, आणि नागपुरी वळणाची मराठी व हिंदी एकाच चहाच्या ठेल्यावर ऐकूं येतात. अशा ठिकाणच्या एखाद्या तरुणानें स्वतःच्या मिळकतींतून पंधरा मिनिटांचा एक लघुपट तयार केला आहे, अशी कल्पना करावी. कथा साधी आहे. ज्या शेतकऱ्याची जमीन कारखान्यासाठीं गेली, तोच आतां त्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाला आहे. कॅमेरा मित्राचा, नट गांवांतले, आणि संकलन रात्रपाळी संपल्यावर केलेलें. चित्र पुरें झालें आणि घरच्या मंडळींना दाखविलें गेलें. आईच्या डोळ्यांत पाणी आलें. मित्रांनीं पाठ थोपटली. "फार छान झालं" असें एकमुखानें सर्वांनीं म्हटलें.

आतां प्रश्न असा कीं, या तरुणाला आपल्या लघुपटाविषयीं नक्की काय कळलें? प्रामाणिक उत्तर द्यावयाचें, तर जवळजवळ कांहींच नाहीं. आईनें पडद्यावर मुलाचें जागरण पाहिलें. मित्रांनीं आपापले चेहरे पाहिले. त्यांचें प्रेम खरें, त्यांचे अश्रूही खरे. परंतु तें उत्तर माणसाला होतें, चित्राला नव्हतें. मोठ्या निर्मात्याजवळ तिकिटाची खिडकी असते. लोक आले कीं नाहींत, हें ती खिडकी त्याला निष्ठुरपणें सांगते. स्वतंत्र लघुपटकाराजवळ अशी खिडकी नसते. महोत्सवाकडे चित्र पाठविलें, तर बहुधा स्वीकार किंवा नकार एवढेंच कळतें. कारण कळत नाहीं. म्हणून प्रेक्षकाची साक्ष त्यानें स्वतःच मिळवावी लागते, आणि साक्ष मिळविणें हें एक शास्त्र आहे.

महाराष्ट्रांत ही अडचण पहिल्या मोठ्या चित्रपटाहूनही थोडी जुनी आहे. धुंडिराज गोविंद फाळके हे १९१२ च्या फेब्रुवारींत चित्रपटविद्या शिकण्यासाठीं लंडनला गेले. त्यासाठीं त्यांनीं आपल्या आयुर्विम्याचीं पत्रें गहाण ठेविलीं होतीं. परत आल्यावर मागविलेला विल्यमसन कॅमेरा हातीं आला. पण संपूर्ण चित्रपटास लागणारें भांडवल कोठून आणावयाचें? हिंदी माणसाच्या हातून, घरच्या घरीं, हलतें चित्र निघूं शकतें, यावर कोणाचा विश्वास बसणार? फाळके यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं कुंडींत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा स्थिर ठेविला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडींथोडीं चित्रें टिपून अंकुराचा वेल होईपर्यंतचा प्रवास पकडला. एक मिनिटाहून किंचित् मोठा असा तो लघुपट म्हणजे "अंकुराची वाढ". निवडक मंडळींना तो दाखविला गेला, आणि त्यांपैकीं यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहरे यांनीं कर्ज देण्याची तयारी दाखविली. पुढें सरस्वतीबाई फाळके यांचे दागिनेही या कामीं आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत "राजा हरिश्चंद्र" लोकांसमोर आला.

या लहानशा प्रसंगांत दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, त्या प्रयोगापाठीमागें एकच नेमका प्रश्न होता. कथा कशी आहे, अभिनय कसा आहे, हे प्रश्न तेथें नव्हतेच. हें तंत्र या माणसाला साधलें आहे काय, एवढेंच पाहणाऱ्यांना ठरवावयाचें होतें. दुसरी अशी कीं, उत्तर देणाराला त्या उत्तराची किंमत पडणार होती. नाडकर्णी कांहीं परके नव्हते. फाळक्यांच्या परिचयाचेच होते. परंतु परिचितालाही जेव्हां स्वतःचा पैसा पुढें करावा लागतो, तेव्हां त्याचें "छान आहे" हें केवळ सौजन्य राहात नाहीं. ज्या उत्तरासाठीं उत्तर देणारास कांहींच खर्चावें लागत नाहीं, तें उत्तर बहुधा गोड असतें आणि बहुधा निरुपयोगी असतें.

बुटीबोरीचा आपला कल्पित तरुण प्रेक्षकांकडे पैसा मागूं शकत नाहीं. परंतु त्यांचे कष्ट तो मागूं शकतो. "कसा वाटला?" या प्रश्नाला एका शब्दाचें उत्तर पुरतें. "यांत काय घडलें, तें तुमच्या शब्दांत सांगा", या प्रश्नाला मात्र प्रेक्षकाला आठवावें लागतें, जुळवावें लागतें. आणि जें त्याच्यापर्यंत पोहोंचलेंच नाहीं, तें त्याला सांगतां येत नाहीं. चित्रांतलें छिद्र तेथें आपोआप दिसूं लागतें.

एक उदाहरण घ्यावें. या लघुपटाच्या मध्यावर म्हातारा पहारेकरी एका विहिरीच्या कांठावर येऊन उभा राहतो आणि बराच वेळ आंत पाहात राहतो. दिग्दर्शकाला ठाऊक आहे कीं, ही त्याच्याच शेतांतली जुनी विहीर असून ती आतां कुंपणाच्या आंत गेली आहे. म्हाताऱ्याला तिचें पाणी आठवतें आहे. गांवांतल्या प्रेक्षकांना हें सांगावें लागत नाहीं. बाजूला पडलेला पाण्याचा पंप पाहतांच ते ओळखतात. परंतु हेंच चित्र नागपुरांत धरमपेठेंतल्या एखाद्या घरीं दाखविलें, तर पाहणाऱ्यांचा श्वास रोखला जाईल. विदर्भांतला शेतकरी आणि विहिरीचा कांठ असें एकत्र दिसतांच त्यांच्या मनांत आत्महत्येची शंका येईल, आणि उरलेलीं सात मिनिटें ते त्या एका भीतींतच चित्र पाहतील. दिग्दर्शकानें जें कधीं मनांतही आणलें नव्हतें, तें प्रेक्षकानें पाहिलें. यांत प्रेक्षकाची चूक नाहीं. पडद्यावर जें दिसतें तेंच त्याचें. दिग्दर्शकाच्या मनांतलें त्याला कसें दिसणार?

म्हणून प्रेक्षकांची निवड दोन्ही प्रकारची असावी: कथेंतलें जग जाणणारे, आणि तें मुळींच न जाणणारे. नातलग आणि लघुपटांत काम केलेली मंडळी या बैठकीस नसलेलीं बरीं. एका वेळीं सहा-आठ माणसें पुरेशीं आहेत. सर्वांना एकाच दिवशीं बोलावणें शहाणपणाचें नाहीं, कारण कोणत्याही माणसाची पहिली दृष्टी एकदांच वापरतां येते. पहिल्या गटाची साक्ष ऐकून दुरुस्ती करावी, आणि ती साधली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दुसरा, नवा गट राखून ठेवावा. हें सारें संकलन कायम होण्यापूर्वीं व्हावें. संगीत बसल्यावर, नामावली चढल्यावर अभिप्राय मागणें म्हणजे घराला रंग दिल्यावर पाया विचारणें होय.

दाखविण्याची रीत साधी आहे. अंधारी खोली, पांढरी भिंत किंवा चादर, आणि ऐकूं येईल असा आवाज. मोबाइलवर पाठवून दिलेलें चित्र मनुष्य जेवतांना पाहतो, आणि मग दोष चित्राचा कीं जेवणाचा, हें समजत नाहीं. आरंभीं प्रस्तावना नको आणि क्षमायाचनाही नको. "पैसे कमी होते", "आवाज अजून नीट करावयाचा आहे" असें म्हटलें, कीं पाहणारा दयाळू होतो आणि दयाळू साक्षीदार कामाचा नसतो. दिग्दर्शकानें पडद्याकडे तोंड न करतां बाजूस बसावें आणि प्रेक्षकांकडे पाहावें. कोणत्या क्षणीं खुर्च्या करकरल्या, कोठें कोणी घड्याळ पाहिलें, कोठें सर्व स्तब्ध झाले, हें वेळेसह टिपून ठेवावें. जीभ सौजन्य पाळते. शरीराला तें तितकेंसें साधत नाहीं.

दिवे लागल्यावर पहिलीं पांच मिनिटें कोणी बोलूं नये. प्रत्येकाला कोरा कागद द्यावा. नांव लिहूं नये. काय घडलें, कोठें समजलें नाहीं, कोठें लक्ष उडालें, आणि काय विसरतां येणार नाहीं, एवढ्या चारच गोष्टी लिहाव्या. लेखनाचा हा आग्रह उगाच नाहीं. बैठकींत प्रथम जो ठामपणें बोलतो, बहुधा वयानें किंवा हुद्यानें मोठा, त्याच्याच मताकडे इतरांचीं मतें झुकतात. कागद गोळा झाल्यानंतर चर्चा खुशाल व्हावी. दिग्दर्शकानें मात्र त्या चर्चेंत उत्तर देऊं नये. "ती विहीर त्याचीच होती हो!" हे शब्द त्याच्या तोंडून निघाले, कीं साक्ष संपली आणि वकिली सुरू झाली. चित्राबरोबर तो प्रत्येक ठिकाणीं समजावून सांगण्यास जाणार नाहीं.

आतां सर्वांत कठीण भाग: ऐकलेलें तोलणें. एकट्याला न आवडलें, तर ती त्याची रुचि असूं शकते. एकमेकांशीं न बोलतां तिघांचें बोट एकाच जागीं पडलें, तर त्या जागीं कांहीं तरी दुखतें आहे, हें मानलेंच पाहिजे. परंतु दुखणें सांगणें हें रोग्याचें काम; औषध ठरविणें हें वैद्याचें. विहिरीविषयीं कोणी म्हणेल, तो प्रसंगच काढून टाका. कोणी म्हणेल, मागें निवेदन घाला. तक्रार खरी आहे, पण उपाय दोन्ही चुकीचे असूं शकतात. कदाचित् आरंभींच, शेत असतांना त्याच विहिरीचें पाणी ओंजळीनें पिणारा शेतकरी क्षणभर दाखविला, कीं पुढची भीति आपोआप मावळेल.

फाळक्यांनाही असाच प्रसंग आला. "राजा हरिश्चंद्र" सुरतेस लागला, तेव्हां तासन् तास चालणाऱ्या नाटकांना सरावलेल्या लोकांना तो फार आंखूड वाटला आणि प्रेक्षागार रितें राहिलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. फाळक्यांनीं चित्र ताणून लांबविलें नाहीं. तीन आण्यांत ५७,००० छायाचित्रें आणि दोन मैल लांबीचें चित्र पाहावयास मिळेल, अशी जाहिरात त्यांनीं केली, आणि लोक लोटले. तक्रार प्रेक्षकांची ऐकली. उपाय स्वतःचा केला.

याच्या उलट काय होतें, याचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. ऑर्सन वेल्स याचा "द मॅग्निफिसंट अँबर्सन्स" हा गंभीर चित्रपट १७ मार्च १९४२ रोजी कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें चांचणीसाठीं दाखविला गेला, आणि तोही एका हलक्याफुलक्या संगीतपटाच्या पाठोपाठ. करमणुकीसाठीं जमलेल्या समुदायानें बहुतांशीं प्रतिकूल मतें लिहून दिलीं. दोनच दिवसांनीं पॅसाडेना येथें थोड्या कापलेल्या प्रतीला बरेंच अनुकूल उत्तर मिळालें. परंतु कंपनी घाबरली होती. वेल्स त्या वेळीं ब्राझीलमध्यें होता. त्याच्या पाठीमागें चाळीस मिनिटांहून अधिक भाग कापला गेला, नवा शेवट जोडला गेला, आणि कापलेला भाग पुढें नष्ट करण्यांत आला. येथें प्रेक्षक खोटें बोलले नव्हते. चुकीच्या प्रसंगीं घेतलेली साक्ष चुकीच्या हातीं पडली होती.

एका बाबतींत बुटीबोरीचा तरुण वेल्सहून भाग्यवान् आहे. त्याच्या चित्रावर दुसऱ्या कोणाची कात्री चालत नाहीं; साक्ष त्याची आणि निर्णयही त्याचाच. परंतु हें भाग्य कारणीं लागण्यास समोर खरें बोलणारे लोक हवेत, आणि तेथें सुशिक्षित घरांचें कर्तव्य सुरू होतें. आज मोबाइलच्या साहाय्यानें लघुपट करणारा कोणी तरी बहुतेक प्रत्येक ओळखींत असतो. तो चित्र घेऊन घरीं येतो, तेव्हां चहाबरोबर "छान" देऊन त्याची बोळवण करणें सोपें असतें. त्याऐवजीं दिवे मालवून, मोबाइल बाजूस ठेवून पंधरा मिनिटें पूर्ण पाहावें, आणि मग म्हणावें, "विहिरीपाशीं मला भीति वाटली, ती तुम्हांला हवी होती काय?" एवढ्या एका वाक्यानें त्याचे कित्येक महिन्यांचे श्रम वाया जाण्यापासून वांचूं शकतात.